मुंबई हायवरची वादळ-तयारी

मुंबई हाय आणि आजूबाजूच्या तेलक्षेत्रांत वादळ यायच्या आधी माणसं, जहाजं आणि विहिरी सुरक्षित करायची जी पद्धत आहे तिला तिथली माणसं सरळ ‘सायक्लोन प्रिपेअर्डनेस’ म्हणतात. कागदावर ती फार नीट लिहिलेली आहे. पण समुद्रात सगळा खेळ एकाच प्रश्नावर येऊन थांबतो, काम थांबवा असं म्हणायचं कोणी आणि किती दिवस आधी.

मुंबई हाय किनाऱ्यापासून साधारण १६० किलोमीटर पश्चिमेला आहे, १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या रिगने, म्हणजे समुद्रात विहीर खोदणाऱ्या यंत्रनौकेने, तिथे तेल शोधलं आणि १९७६ पासून उत्पादन सुरू झालं. हीरा हे क्षेत्र त्यामानाने मुंबईला बरंच जवळ. सगळं ओएनजीसीचं, पण ओएनजीसीची स्वतःची माणसं आणि ठेकेदारांची माणसं असे दोन वेगळे वर्ग तिथे राहतात, आणि पुढचं बरंचसं यातूनच समजतं. कायमची माणसं प्लॅटफॉर्मवर, चौदा दिवस ड्युटी चौदा दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टरने येजा. वेल्डर, फिटर, रिगर, पेंटर ही ठेक्यावरची मंडळी मात्र महिनोन्महिने राहण्याच्या बार्जवर, म्हणजे तरंगत्या चाळीतच म्हणा ना.

आता प्लॅटफॉर्म आणि बार्ज यात फरक काय ते समजून घ्या. प्लॅटफॉर्मचे पाय समुद्रतळात ठोकलेले असतात आणि डेक लाटांच्या बराच वर. जॅक-अप रिगसुद्धा पाय तळावर टेकवून स्वतःला पाण्याबाहेर उचलून घेते. बार्ज पाण्यावरच असतो, बऱ्याच बार्जना स्वतःचं इंजिनही नसतं, चारी बाजूंना नांगर टाकून जागेवर धरून ठेवलेला असतो. त्याला हलवायचं म्हणजे आधी टग, म्हणजे ओढून नेणारी बोट, बोलवा, एकेक नांगर उचला, मग ताशी चार-पाच सागरी मैलांच्या वेगाने ओढत न्या, तेही बंदरात किंवा आडोशाला जागा मिळाली तर. म्हणजे वारा अंगावर आल्यावर ठरवून काही उपयोग नाही, दोन-तीन दिवस आधी, आकाश स्वच्छ आणि समुद्र शांत असताना ठरवावं लागतं, आणि नेमकं तेव्हाच ते कुणाला ठरवावंसं वाटत नाही.

त्यात भर म्हणजे सीझन. पावसाळ्यात अरबी समुद्रात बांधकाम जवळजवळ बंद असतं, त्यामुळे पाइपलाइन, प्लॅटफॉर्मची दुरुस्ती वगैरे कामं पावसाळा संपल्यावर सुरू होऊन मे अखेरपर्यंत उरकायची असतात. अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांचे मोसमही दोन, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. म्हणजे शेवटच्या पंधरवड्याची घाई आणि वादळाचा मोसम एकमेकांवर बरोब्बर येतात, आणि बार्जचं भाडं तर काम होवो न होवो दिवसावर चालूच असतं.

देखरेखीचं म्हणाल तर ऑफशोअर सुरक्षेचे नियम २००८ साली आले आणि त्यासाठी सक्षम प्राधिकारी म्हणून ओआयएसडी, म्हणजे पेट्रोलियम मंत्रालयाखालचं तेल उद्योग सुरक्षा संचालनालय, नेमलं गेलं. जहाज, टग, बार्ज यांची समुद्रात जाण्याची लायकी, प्रमाणपत्रं, खलाशी हे सगळं डीजी शिपिंग या जहाजवाहतुकीच्या सरकारी खात्याच्या अखत्यारीत. वादळाचा अंदाज हवामान खातं देतं, माणसं वाचवायला तटरक्षक दल आणि नौदल. प्रत्येकाचं काम स्पष्ट आहे, पण तेलाच्या कामासाठी भाड्याने घेतलेला, माणसांनी भरलेला बिनइंजिनाचा बार्ज नेमका या खुर्च्यांच्या मध्ये पडतो असं मला वाटतं.

नियम ज्या पार्श्वभूमीवर आले तो अपघात २७ जुलै २००५ चा. आदल्या दिवशी मुंबई बुडाली होती, सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस, तो दिवस विसरणारा मुंबईकर सापडणार नाही. दुसऱ्या दिवशी ‘समुद्र सुरक्षा’ या जहाजावरच्या एका स्वयंपाक्याच्या बोटाला जखम झाली. खराब हवामानामुळे हेलिकॉप्टर बंद, म्हणून त्याला क्रेनच्या बास्केटमधून मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूची क्रेन नादुरुस्त होती, म्हणून जहाज वाऱ्याच्या बाजूने आणलं. माणूस चढला, पण जहाज हेलकावलं आणि त्याचा हेलिडेक, म्हणजे हेलिकॉप्टर उतरायचा डेक, गॅसच्या उभ्या पाइपला, ज्याला रायझर म्हणतात, त्याला धडकला. गॅस सुटला, आग लागली, आणि दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. २२ माणसं गेली, ३६२ वाचली. एक कापलेलं बोट, एक बंद क्रेन आणि उघड्यावर असलेला पाइप, एवढंच.

प्रत्यक्ष तयारी कशी असते तर वादळाचा इशारा आला की आधी पीओबी मोजतात, म्हणजे त्या क्षणी कुठे किती माणसं आहेत. मस्टर स्टेशनवर, म्हणजे सगळ्यांनी जमायच्या जागी, एक बोर्ड असतो, प्रत्येकाच्या नावाचं एक टी-कार्ड, सायरन झाला की येऊन आपलं कार्ड फिरवायचं, न फिरलेलं कार्ड म्हणजे न सापडलेला माणूस. मग कामाचे परवाने बंद, हॉट वर्क म्हणजे वेल्डिंगसारखी ठिणगी उडणारी कामं बंद, क्रेनचे बूम म्हणजे लांब हात खाली, स्कॅफोल्डिंगचे पाइप, ड्रम, गॅसच्या बाटल्या सगळं बांधून टाकायचं कारण सुटलेला पाइप वाऱ्यात भाल्यासारखा येतो. गरज नसलेली माणसं आधी हलवायची, वेळ पडली तर विहिरीसुद्धा बंद करायच्या. लाइफ जॅकेट, लाइफराफ्ट म्हणजे हवेने फुगणारे जीवरक्षक तराफे, आणि त्यांच्या तपासणीची तारीख पाहायची. ही तारीख म्हणजे नुसता शिक्का समजणारे बरेच, ड्रिलमध्ये निम्मी माणसं झोपाळलेली, हा प्रकार कुणालाच नवा नाही.

मे २०२१ च्या तौक्ते वादळात हे सगळं कसाला लागलं. १४ मेला कमी दाबाचं क्षेत्र अरबी समुद्रात लक्षद्वीपच्या आसपास तीव्र झालं, १५ ला चक्रीवादळ, १७ च्या पहाटेपर्यंत ते अतितीव्र. इशारे आले होते, मच्छीमारांना परत बोलावलं गेलं होतं. तरी हीरा क्षेत्रात पी-३०५ बार्ज २६१ माणसांसह नांगरावरच होता. १७ तारखेला एकेक नांगर सुटत गेला, बार्ज वाहत एका प्लॅटफॉर्मला धडकला, पाणी शिरलं आणि संध्याकाळी तो बुडाला. वाचलेल्यांनी सांगितलं की लाइफराफ्ट बऱ्याचशा फाटलेल्या निघाल्या, माणसं लाइफ जॅकेट घालून एकमेकांचे हात धरून सहा-आठ मीटरच्या लाटांत रात्रभर तरंगत राहिली. ‘वरप्रदा’ टगही बुडाला, त्यावर १३ जण होते, वाचले दोन. दोन्ही मिळून २७४ पैकी १८८ वाचले, ८६ गेले. गॅल कन्स्ट्रक्टर हा दुसरा बार्ज वाहत पालघरच्या किनाऱ्याला लागला आणि त्यावरच्या १३७ जणांना सुखरूप काढलं, सपोर्ट स्टेशन-३ हा बार्ज आणि ‘सागर भूषण’ हे विहीर खोदणारं जहाज गुजरातकडे वाहत गेले तेही वाचले. ‘आयएनएस कोची’ १९ मेला मुंबईत सव्वाशे माणसं घेऊन आली. रायगड आणि वलसाडच्या किनाऱ्याला पुढचे काही दिवस मृतदेह लागत राहिले, काहींची ओळख डीएनएवरूनच पटली.

मग गुन्हा दाखल झाला, मंत्रालयाने उच्चस्तरीय समिती नेमली, कोणी म्हणालं ओएनजीसीने निघायला सांगितलं होतं, कोणी म्हणालं बार्जचा कप्तानच थांबला, कोणी ठेकेदाराकडे बोट दाखवलं. अशा वादात एक गोष्ट नेहमी बाजूला राहते ती म्हणजे बार्जवरच्या वेल्डरला त्यातलं काहीच ठरवायचा हक्क नव्हता, तो फक्त मोजणीतला एक आकडा होता.

वेगळं कसं होतं तेही दिसलंय. जून २०२३ मध्ये बिपरजॉय वादळ गुजरातकडे सरकत असताना द्वारकेजवळच्या समुद्रातल्या एका जॅक-अप रिगवरून तटरक्षक दलाने हेलिकॉप्टर आणि जहाज लावून सगळ्या ५० जणांना उतरवलं. शेवटची तुकडी १३ जूनला निघाली, आणि वादळ जखौजवळ किनाऱ्यावर आलं ते १५ जूनच्या संध्याकाळी.