हिरव्या नावाच्या फाइली आणि मागचं दार

१४ डिसेंबर २०२१ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या एन्क्रिप्टिंग फाइल सिस्टीममधली, म्हणजे फाइलींना सांकेतिक कुलूप लावणाऱ्या ईएफएसमधली, सीव्हीई-२०२१-४३२१७ या क्रमांकाने नोंदलेली त्रुटी बुजवली. गांभीर्य १०पैकी ८.१. त्याच आठवड्यात सिस्टीम ॲडमिन मंडळी लॉग४शेलच्या, म्हणजे लॉग४जे या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या जावा लायब्ररीतल्या गंभीर त्रुटीच्या, मागे रात्रंदिवस धावत होती. त्या गडबडीत ही त्रुटी झाकली गेली, असं मला वाटतं. तिची मुळं मात्र वीस वर्षं जुनी आहेत.

ईएफएस आली विंडोज २०००बरोबर. कुठली फाइल कुणी उघडायची हे आधीही विंडोज ठरवत होतं, पण विंडोज सुरूच केलं नाही तर? डॉसच्या फ्लॉपीवरून संगणक चालू करायचा, एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या फाइल-रचनेची, डिस्क वाचणारं टूल वापरायचं, की सगळ्या परवानग्या गुंडाळून ठेवल्यासारख्याच. लॅपटॉप चोरीला गेला की संपलं. म्हणून प्रत्येक फाइलला वेगळी किल्ली दिली आणि ती किल्ली वापरकर्त्याच्या पब्लिक कीने (जिने बंद केलेलं फक्त त्याच्याच खाजगी किल्लीने उघडतं) बंद करून फाइलसोबतच ठेवली. वापरणाऱ्याला काय करायचं? प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, एका चौकटीत टिक. एक्सपीत त्या फाइलचं नाव हिरवं दिसू लागायचं. सोय इतकी सहज, की सर्टिफिकेटची आणि त्यासोबतच्या खाजगी किल्लीची प्रत काढून ठेवायचं अनेकांच्या लक्षातच येत नसे. मग विंडोज नव्याने टाकलं की ते हिरवं नाव दिसायचं, पण फाइल काही उघडायची नाही.

कुलूप असं घरातल्या घरात राहिलं असतं तर पुढचं घडलं नसतं. पण कार्यालयांतल्या फाइली सर्व्हरवर असतात. त्यांचं एन्क्रिप्शन दुरून सांभाळायला, बॅकअपसाठी त्या न उलगडता वाचायला, ईएफएसआरपीसी नावाचा प्रोटोकॉल होता. म्हणजे नेटवर्ककडे उघडणारं एक दार.

जुलै २०२१मध्ये फ्रेंच संशोधक लिओनेल जील यांनी ‘पेटिटपोटॅम’ दाखवलं. बॅकअपसाठी फाइल उघडणारं याच दारातलं एक फंक्शन बोलावलं, की डोमेन कंट्रोलर, म्हणजे कार्यालयाच्या नेटवर्कमधली सगळी लॉगिन तपासणारा मुख्य सर्व्हर, स्वतःहून हल्लेखोराच्या संगणकाकडे आपली ओळख पटवायला जायचा. ती ओळख नेटवर्कमधल्या, डिजिटल ओळखपत्रं देणाऱ्या सर्टिफिकेट सर्व्हरकडे पुढे सरकवली की अख्खं डोमेन, म्हणजे कार्यालयाचं सगळं नेटवर्क, हातात. ऑगस्टमध्ये पॅच आला.

डिसेंबरची त्रुटी त्याहून खोल होती. पेटिटपोटॅमने ओळख चोरली. इथे बफर ओव्हरफ्लो होऊन, म्हणजे ठरलेल्या जागेपेक्षा जास्त माहिती मेमरीत घुसून, लॉगिन न करताच, समोरच्या यंत्रावर हवा तो कोड चालवणं शक्य होतं. हल्ला जमवणं सोपं नव्हतं, हे खरं. पण मला सर्वांत अस्वस्थ करते ती मायक्रोसॉफ्टनेच दिलेली माहिती: ईएफएस सर्व्हिस बंद असली, तरी बाहेरून हाक आली की ती सुरू होऊ शकते. म्हणजे सर्व्हिस बंद आहे म्हणून निर्धास्त राहण्याचीही सोय नव्हती.

डिसेंबरच्या अपडेटने या दाराचे नियमही कडक केले. सर्व्हरशी बोलणाऱ्या क्लायंटने प्रत्येक पॅकेट एन्क्रिप्ट करूनच पाठवायचं, नाहीतर जोडणी नाकारली जाईल.