खडा की पॉलिप? पित्ताशयाच्या दोन रिपोर्टांची गोष्ट

"काकू, सकाळपासून काही खाल्लंय?"
"छे हो, उपाशीपोटीच आलेय. फक्त अर्धा कप चहा."

पुण्यात सोनोग्राफी करणाऱ्याला सगळ्यात जास्त नडतो तो हा अर्धा कप चहा. त्यातलं दूध पोटात गेलं की पित्ताशय आकसतं. मग त्याची भिंत उगाच जाड दिसते, आतली एखादी घडी पॉलिपसारखी भासते आणि बारीक खडा तिथेच कुठेतरी दडून बसतो. सहा ते आठ तास उपाशी या म्हणतो ते एवढ्यासाठी. साधं पाणी चालतं, अमृततुल्य नाही. काकूंना दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, तेव्हा कोथरूडहून रिक्षाचे किती झाले ते त्यांनी ऐकवलंच.

त्यांच्या पिशवीत दोन रिपोर्ट होते. एकात '7 मिमीचा खडा', दुसऱ्यात '7 मिमीचा पॉलिप'. माप तेच, नाव वेगळं. घरच्यांनी खडा हसण्यावारी नेला होता आणि पॉलिपचं नाव ऐकून झोप उडवून घेतली होती. माझा अनुभव असा, की बऱ्याचदा हे उलट असायला हवं.

खडा हा पित्ताशयात सुटा पडलेला असतो, तळाला गेलेल्या गोटीसारखा. पॉलिप आतल्या भिंतीलाच फुटलेला असतो, खुंटीसारखा. पडद्यावर दोन्ही काळ्या पित्तात पांढरे ठिपके म्हणूनच दिसतात. फरक कळतो तो दोन गोष्टींवरून. खड्यातून आवाजाच्या लहरी पार जात नाहीत, म्हणून त्याच्या मागे काळा पट्टा पडतो, म्हणजेच सावली. पॉलिप मऊ, त्याच्यामागे सावली नसते. दुसरी गोष्ट म्हणजे हालचाल. पेशंटला डाव्या कुशीवर वळवलं की खडा घरंगळतो, पॉलिप जागचा हलत नाही.

पुस्तकात एवढं सोपं. प्रत्यक्षात दोन-तीन मिमीच्या खड्याची सावली नीट पडत नाही, आणि पित्ताशयाच्या मानेत अडकलेला खडा कितीही कुशी बदलल्या तरी ढिम्म बसतो. पित्ताचा घट्ट गाळ गोळा होऊन बसला तर सावली नाही आणि सरकतोही आळसटल्यासारखा, तो बेमालूम पॉलिप वाटतो. अशा वेळी डॉप्लर लावून आत रक्तप्रवाह आहे का ते पाहतो. तो दिसला तर ती जिवंत पेशींची वाढ. खड्यात आणि गाळात रक्त कुठलं?

दुसऱ्या दिवशी काकू खरोखर उपाशी आल्या. उताणं झोपवलं तर ठिपका भिंतीला चिकटलेला, सावली पुसट. डाव्या कुशीवर वळवलं, तरी तिथेच. पॉलिप लिहून मोकळा होणार होतो, पण त्यांना टेबलावरून खाली उतरून उभं राहायला लावलं आणि प्रोब पुन्हा टेकवला. ठिपका हळूच सुटला आणि तळाला जाऊन बसला.

पॉलिप बहुतेक वेळा कोलेस्टेरॉलचे असतात, भिंतीत साठलेल्या चरबीचे. कॅन्सरशी त्यांचा संबंध नसतो. आकार 10 मिमी किंवा जास्त असेल तर पित्ताशय काढायचा सल्ला देतात. 6 ते 9 मिमीच्या पॉलिपसाठी युरोपातल्या तज्ज्ञ संघटनांच्या 2022 च्या सूचना साठीपुढचं वय, रुंद बुडाचा पॉलिप अशा धोका वाढवणाऱ्या गोष्टी बघायला सांगतात. त्या यादीत आशियाई वंशही आहे! म्हणजे आपल्याकडचा जवळजवळ प्रत्येक जण त्यात बसतो, त्यामुळे ही यादी हातात धरून घरी निर्णय करू नये, सर्जनशी बोलावं.

खड्याचं तसं नाही. पुष्कळांचे खडे आयुष्यभर गप्प राहतात आणि त्रास नसेल तर सहसा ऑपरेशन लागत नाही. पण एखादा घसरून पित्तनळीत उतरला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते. यात बारीक खडे जास्त वाह्यात, कारण ते सहज घसरतात. म्हणून रिपोर्टमध्ये खड्याइतकंच 'सीबीडी'पुढच्या, म्हणजे मुख्य पित्तनळीच्या रुंदीच्या आकड्याकडे पाहावं. साधारण 6 मिमीपर्यंत ठीक, वय वाढेल तशी नळी थोडी रुंदावते. मात्र नळीचं खालचं टोक आतड्यातल्या गॅसमागे लपतं, त्यामुळे सोनोग्राफीत तिथला खडा निसटू शकतो. शंका असेल तर एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांची एमआरआय तपासणी करावी लागते.

आणि हो, आपण ज्याला 'पित्त झालंय' म्हणतो, ती छातीतली जळजळ पोटातल्या आम्लाची. खड्याचं दुखणं वेगळं: जेवणानंतर वरच्या पोटात किंवा उजव्या बरगडीखाली कळ येते, अर्धा तास ते काही तास टिकते आणि पाठीत उजव्या खांद्याकडे जाते. भरपूर पाणी पिऊन हे खडे पडत नाहीत, तो मुतखड्याचा हिशोब.

पावसाळ्यात आणखी एक घोळ होतो. डेंग्यूत पित्ताशयाची भिंत सुजून जाड दिसते, खडा एकही नसताना. असा रिपोर्ट घेऊन थेट ऑपरेशनची तारीख विचारायला येणारे दरवर्षी भेटतात. ताप उतरला की ती भिंत आपोआप पूर्ववत होते.

काकूंची नळी 4 मिमीची निघाली. रिपोर्टमध्ये 'खडा, 7 मिमी' असं लिहिलं आणि पुढे 'उभं केल्यावर हलतो' हेही. आधीच्या दोन्ही रिपोर्टांत कुशी बदलून पाहिल्याचा उल्लेख नव्हता.