जुनी चेनसॉ नेमकी कुणाची आणि कधीची?

झाडं तोडायची जुनी चेनसॉ समोर आली की आपण आधी तिच्यावरचं नाव वाचतो आणि तिथेच फसतो, कारण अमेरिकेत विकल्या गेलेल्या कितीतरी चेनसॉ नाव एकाचं आणि कारखाना दुसऱ्याचा अशा आहेत. सिअर्स या मोठ्या दुकानसाखळीच्या क्राफ्ट्समन चेनसॉ बाहेरच्या कंपन्या बनवून द्यायच्या, पण सिअर्सने एक फार चांगलं काम करून ठेवलंय, मॉडेल नंबरात टिंबाच्या आधीचे तीन आकडे म्हणजे बनवणाऱ्याचा कोड. ३५८ दिसलं की मशीन पुलान कंपनीची. ट्रॅक्टरवाल्या जॉन डिअरच्या हिरव्या रंगातल्या काही चेनसॉ तर जपानच्या एको कंपनीने बनवलेल्या. म्हणून रंगावर विश्वास ठेवू नका, नेमप्लेटवरचे बारीक आकडे वाचा.

नंतर बघायचा तो पत्ता. मॅककलक ही कंपनी १९४६ मध्ये मिलवॉकीहून लॉस एंजेलिसला आली आणि पुढे अ‍ॅरिझोनात लेक हवासू सिटीला गेली (१९६८ मध्ये लंडन ब्रिज विकत घेऊन याच गावात दगड दगड जोडून उभा करणारे ते हेच रॉबर्ट मॅककलक), म्हणजे प्लेटवर कुठलं गाव आहे यावरूनच काळ बराच आवळता येतो. अमेरिकेत पिनकोडसारखा झिप कोड १ जुलै १९६३ ला सुरू झाला, तेव्हा पत्त्यात झिप असेल तर ती प्लेट त्याआधीची असूच शकत नाही. स्टिल या जर्मन कंपनीच्या मशीनवर 'पश्चिम जर्मनी' असेल तर ती १९४९ ते १९९० मधली, आणि व्हर्जिनिया बीच असेल तर १९७४ नंतरची, कारण तिथला कारखाना तेव्हाच सुरू झाला.

आता मशीन उघडायची, आणि मला विचाराल तर खरी मजा इथेच आहे. नियम पुरातत्त्ववाल्यांचाच आहे, वस्तूत सापडलेली सगळ्यात नवी गोष्ट तिच्या जुनेपणाची हद्द ठरवते, त्याहून जुनी ती असू शकत नाही. जुन्या कार्बोरेटरमध्ये फ्लोट, म्हणजे पेट्रोलवर तरंगणारा भाग असायचा, मशीन आडवी केली की पेट्रोलची लेव्हल बिघडून इंजिन बंद, म्हणून आडवं कापताना कार्बोरेटर सरळ राहावा अशी फिरती जोडणी ठेवायला लागायची. फ्लोटच्या जागी डायफ्राम आला, म्हणजे पेट्रोल पातळ पडद्याच्या हालचालीने आत येतं, आणि चेनसॉ कशीही वाकडी धरली तरी चालायला लागली. मॅग्नेटखाली सीबी पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) नसेल आणि इग्निशन इलेक्ट्रॉनिक असेल तर स्टिलच्या बाबतीत १९६८ किंवा त्यानंतरचं. पण उलटं खरं नाही हं, पॉइंटवाली मॉडेल त्यानंतरही बरीच वर्षं निघत होती.

आणि काय बदलता येतं हे सतत डोक्यात ठेवायला पाहिजे. बार (ज्यावर चेन फिरते ती पट्टी), चेन, प्लग, कार्बोरेटर, सगळं बदललेलं असू शकतं. चेनचंच घ्या, १९४६ मध्ये ओरेगनचे जोसेफ कॉक्स यांनी लाकूड पोखरणाऱ्या भुंग्याची अळी बघितली, तिचे वळलेले जबडे डावीउजवीकडे कसे कापतात ते बघून त्यांनी तशाच दातांची चेन बनवली, १९४७ पासून ती विकायला लागले आणि आजच्या चेनचा आकार तिथूनच आलाय, पण १९४० च्या चेनसॉवरही ती नंतर बसवता येते, त्यामुळे चेन बघून मशीनचं वय सांगू नका. भरवसा ठेवायचा तो ओतलेल्या बॉडीवर, तिच्या आतल्या बाजूला उठवलेले नंबर आणि खुणा कुणी सहज बदलत नाही.

वजन हाही पुरावाच आहे. स्टिलची १९२६ ची विजेवरची मशीन इतकी जड, की दोन माणसं लागायची. १९४९ ची मॅककलक ३-२५ तर २५ पाउंड, म्हणजे ११ किलोच्या आसपास, एकटा माणूस चालवणार.

विक्रीचा माग काढताना एकाच मशीनची दोन नावंही भेटतात. स्टिलची १९५९ ची काँट्रा अमेरिकेत लायटनिंग म्हणून विकली गेली. होमलाइट ही मूळची घरगुती वीज जनरेटरवाली कंपनी, १९५५ मध्ये टेक्सट्रॉन कंपनीकडे, १९९४ मध्ये जॉन डिअरकडे, मग २००१ मध्ये टीटीआय कंपनीकडे गेली. त्यामुळे पार्ट शोधताना आजचा मालक कोण यापेक्षा मशीन कुठल्या कारखान्यातून निघाली हे आधी ठरवा, ३५८ वाल्या क्राफ्ट्समनचे पार्ट पुलानच्या नावाने शोधलेत तर सापडायची शक्यता खूप वाढते.