वितळतार आणि अँपिअर-क्षमतेची जुळणी

वितळतार म्हणजे फ्यूज, विजेचा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की वितळून वीज तोडणारी तार. फ्यूज, वायर, सॉकेट, अडॅप्टर आणि उपकरण यांच्यावरचे अँपिअरचे (विजेच्या प्रवाहाचे) आकडे एकमेकांशी मेळ खातील असे निवडणे, ही अँपिअर-जुळणी. आकडा दिसायला सारखाच, पण त्याचा अर्थ जागेप्रमाणे बदलतो. उपकरणावरचा आकडा त्याची गरज सांगतो, वायरीचा तिची सोसण्याची ताकद, अडॅप्टरचा त्याची ऐपत आणि फ्यूजचा मर्यादा.

फ्यूज मुळात उपकरणासाठी नसतो, तो वायरीच्या रक्षणासाठी असतो. हे लक्षात न घेतल्यानेच बहुतेक चुका होतात. वायरीत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट. म्हणून फ्यूजचा आकडा उपकरणाच्या गरजेपेक्षा जास्त, पण मार्गातल्या सर्वांत बारीक वायरीच्या क्षमतेपेक्षा कमी असावा लागतो. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. त्याला साधारणपणे २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचे सॉकेट आणि १६ अँपिअरचा एमसीबी (फ्यूजचेच काम करणारा, प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) देतात. तोच गिझर ६ अँपिअरच्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावला, तर बोर्डाची बारीक वायर तापत राहते आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. ब्रिटनमध्ये घरातली वलयाकार वायरिंग ३० किंवा ३२ अँपिअरची असल्याने प्रत्येक प्लगमध्येच ३ किंवा १३ अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज बसवतात.

एमसीबी आपल्या आकड्यावर नेमका पडतो, असेही नाही. घरगुती एमसीबीने १.१३ पट प्रवाह तासभर पेलायचा आणि १.४५ पट प्रवाहाला तासाभरात पडायचे, असे मानक सांगते. म्हणजे १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअर चालू देतो. मोटारींची गोष्ट आणखी वेगळी. पाच हॉर्सपॉवरचा थ्री-फेज पंप चालताना सुमारे साडेसात अँपिअर घेतो, पण थेट सुरू करताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट ओढतो. तो झटका सोसावा म्हणून मोटारीला ‘सी’ किंवा ‘डी’ प्रकारचा एमसीबी लावतात.

फ्यूज सारखा उडतो म्हणून किटकॅटमध्ये (फ्यूजची तार बसवायच्या चिनी मातीच्या खाचेत) किंवा शेतातल्या डीपीत (वीज वाटपाच्या पेटीत) जाड तार गुंडाळणे ही अतिशय घातक सवय आहे. तेव्हा पुढची वायर किंवा केबल हीच वितळतार बनते. त्याच आकड्याचा फ्यूज पुन्हा उडाला, तर दोष जोडलेल्या भारात किंवा वायरिंगमध्ये शोधावा.

अडॅप्टरच्या बाबतीत नियम उलटा वाटतो. व्होल्ट तंतोतंत तेच हवेत, पिनचे धन-ऋण टोकही तेच. अँपिअर मात्र जास्त असले तरी चालतात. १२ व्होल्ट, १ अँपिअरच्या राउटरला २ अँपिअरचा अडॅप्टर लावला तरी राउटर त्याला हवा तेवढाच प्रवाह घेतो. याउलट कमी ऐपतीचा अडॅप्टर तापतो, त्याचे व्होल्ट घसरतात आणि राउटर पुन्हा पुन्हा बंद पडतो. स्थिर प्रवाह देणारा एलईडी ड्रायव्हर (एलईडी दिव्याला वीज पुरवणारा अडॅप्टर) मात्र याला अपवाद. तो ठरलेला प्रवाह दिव्यात ढकलतोच, त्यामुळे ३५० मिलिअँपिअरच्या एलईडीला ७०० मिलिअँपिअरचा ड्रायव्हर लावला की ती लवकर जळते.