ग्रंथपालाचे शिक्षण पदवीपाशी का थांबत नाही

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ग्रंथालयाचे काम शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला अक्षर गिरवावे लागे. साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरच्या तालिका (कॅटलॉग) कार्डावर लेखकाचे नाव, ग्रंथाचे नाव, प्रकाशनाचे वर्ष असे लिहायचे, की कार्ड कोणाच्या हातचे आहे हे ओळखू येऊ नये. नक्षी नको, लफ्फेदार वळणे नकोत, सगळी अक्षरे सरळ आणि सुटसुटीत. या वळणाला ‘लायब्ररी हँड’ म्हणत. पुढे टंकलेखन यंत्र रुळले आणि एका पिढीने मन लावून कमावलेले हे कौशल्य कामाचे राहिले नाही. ग्रंथपालांच्या बाबतीत असे नंतरही अनेकदा झाले. त्यांच्या निरंतर शिक्षणाचा इतिहास समजून घ्यायचा तर मला हे कार्डच सर्वांत चांगली सुरुवात वाटते.

त्याआधी हे काम उमेदवारीने शिकले जाई. जुन्या ग्रंथपालाच्या हाताखाली राहायचे, तो करील तसे करायचे. मेल्विल ड्यूई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथपालांसाठी पहिली शाळा उघडली. पहिल्या वर्गात २० विद्यार्थी होते, त्यांत १७ स्त्रिया. स्त्रियांना प्रवेश दिल्यामुळे विश्वस्त नाराज झाले आणि दोनच वर्षांत शाळा ऑल्बनीला हलवावी लागली. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तिथे १८७७ मध्ये स्थापन झालेल्या लायब्ररी असोसिएशनने १८८५ पासून परीक्षा सुरू केल्या. नोकरी करणाऱ्यांनी दिवसभराचे काम आटोपून अभ्यास करायचा आणि परीक्षा द्यायची. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात पूर्णवेळ अभ्यासक्रम आला तो १९१९ मध्ये. म्हणजे कामावर असलेल्या माणसाने स्वतःच्या वेळात शिकायचे, ही अपेक्षा या व्यवसायात अगदी सुरुवातीपासून आहे. माझ्या मते या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच.

अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना सयाजीराव गायकवाडांनी बडोद्याला बोलावले आणि १९११ मध्ये तिथे प्रशिक्षण वर्ग भरला. एस. आर. रंगनाथन तर गणिताचे अध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल म्हणून नेमणूक झाली तेव्हा या विषयाचे शिक्षण त्यांच्याकडे नव्हते. नेमणुकीनंतर ते लंडनला जाऊन शिकले, तिथली अनेक ग्रंथालये पाहिली आणि परतल्यावर १९२९ मध्ये मद्रास लायब्ररी असोसिएशनतर्फे उन्हाळी वर्ग सुरू केला. ‘ग्रंथालय ही वर्धिष्णू संस्था आहे’ हे त्यांच्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतले पाचवे सूत्र १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकातले. संस्था वाढती असेल तर ती चालवणाऱ्याचे ज्ञान एका जागी कसे थांबेल? स्वतः नोकरीत आल्यावर शिकलेल्या माणसाने हे लिहिले आहे, म्हणून ते मला अधिक खरे वाटते.

अमेरिकेत चार्ल्स विल्यमसन यांचा अहवाल १९२३ मध्ये आला. ग्रंथपालाचे व्यावसायिक काम आणि कारकुनी काम वेगळे करा, प्रशिक्षण विद्यापीठांकडे न्या, असे त्यांनी ठणकावून सांगितले. पहिल्या पदवीची व्यवस्था त्यानंतर भक्कम होत गेली. पदवीनंतरच्या शिक्षणाला मात्र तसे घर मिळाले नाही. उन्हाळी वर्ग, अधिवेशनाला जोडून भरणारे उजळणी वर्ग आणि एकमेकांना विचारून शिकणे, यावर बराच काळ भागत राहिले.

संगणक आल्यावर ते भागेनासे झाले. काँग्रेस लायब्ररीत, म्हणजे अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयात, १९६० च्या दशकात हेन्रिएट अ‍ॅव्हराम यांच्या नेतृत्वाखाली ‘मार्क’ हा संगणकाला वाचता येणाऱ्या नोंदींचा आराखडा तयार झाला. कार्डावर लेखकाचे नाव कुठे लिहायचे हे हाताला माहीत असे. आता लेखक १०० क्रमांकाच्या क्षेत्रात, शीर्षक २४५ मध्ये, विषय ६५० मध्ये, आणि प्रत्येकाची उपक्षेत्रे व निर्देशके वेगळी. एखादा आकडा चुकला तर पुस्तक फडताळात असूनही शोधात सापडत नाही. वीस-वीस वर्षे काम केलेल्या माणसांना हे नव्याने शिकायचे होते आणि त्यांना शिकवणारी ठरलेली जागा नव्हती.

एलिझाबेथ स्टोन यांनी ही उणीव ओळखली. त्यांच्या पुढाकाराने १९७५ मध्ये ‘क्लीन’ या संक्षिप्त नावाने ग्रंथपालांच्या निरंतर शिक्षणाचे जाळे वॉशिंग्टनमध्ये उभे राहिले. पुढच्या दशकात इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघातही या विषयाला वेगळे व्यासपीठ मिळाले. वैद्यकीय ग्रंथपालांनी मात्र त्याच्याही आधी, १९४९ मध्येच, व्यावसायिक प्रमाणपत्राची पद्धत आणली होती.

तंत्रज्ञानाइतकेच नियमांनीही ग्रंथपालांना पुन्हा वर्गात बसवले. १९७८ च्या तालिकीकरण नियमांनुसार तीनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याचे नाव द्यायचे आणि पुढे ‘इत्यादी’ अशा अर्थाची खूण करायची. २०१० मध्ये त्यांच्या जागी आलेल्या ‘आरडीए’ या नव्या नियमांनी सगळी नावे देण्याची मुभा दिली आणि पृष्ठांसाठी नुसते ‘पी.’ न लिहिता पूर्ण शब्द लिहायला सांगितले. काँग्रेस लायब्ररीने ३१ मार्च २०१३ पासून हे नियम लागू केले. बाहेरच्याला हे फरक बारीक वाटतील. पण तीस वर्षे बोटांत मुरलेली सवय सोडवणे सोपे नसते, आणि चौथ्या लेखकाच्या नावाने शोधणाऱ्या वाचकाला तो बारीक फरकच उपयोगी पडतो.

या साऱ्या वाटचालीत मला सर्वांत आश्वासक वाटतो तो २००६ मधला एक प्रयोग. अमेरिकेतील शार्लट मेक्लेनबर्ग ग्रंथालयात हेलीन ब्लॉवर्स यांनी कर्मचाऱ्यांसाठी तेवीस छोट्या कामांची मालिका आखली: छायाचित्रे टाकून पाहा, विकीत भर घाला, पॉडकास्ट शोधा. ज्याने त्याने आपापल्या गतीने, करून पाहत शिकायचे. पूर्ण करणाऱ्याला एमपी-थ्री प्लेअर भेट. हा उपक्रम अनेक देशांतल्या ग्रंथालयांनी उचलला. शिकणाऱ्याला चुकायची मोकळीक होती आणि शिकणे हा कामाचाच भाग धरला होता, म्हणून तो रुजला असे मला वाटते.

दुसरीकडे, काही व्यावसायिक संघटनांनी शिकत राहण्याची नोंद ठेवायला सुरुवात केली. ब्रिटनच्या ‘सिलिप’मध्ये सनद टिकवताना वर्षाला २० तासांच्या व्यावसायिक विकासाची नोंद आणि त्यावर २५० शब्दांचे टिपण अपेक्षित असते. हे २० तास कोणाचे, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. रात्री घरी बसून व्याख्यान ऐकणारा आणि कामाच्या वेळेत प्रशिक्षणाला जाणारा, नोंदीत दोघे सारखेच दिसतात.

इफ्लाने २०१६ मधल्या मार्गदर्शक तत्त्वांत या प्रश्नाला थेट हात घातला. शिकत राहण्याची पहिली जबाबदारी ग्रंथपालाची, हे त्यात मान्य आहेच. पण त्याचबरोबर संस्थेने अंदाजपत्रकातील किमान ०.५ ते १ टक्का रक्कम कर्मचाऱ्यांच्या विकासासाठी राखावी आणि कामाच्या तासांपैकी सुमारे १० टक्के वेळ शिकण्यासाठी द्यावा, असेही त्यात म्हटले आहे. आठवड्याला चाळीस तासांचे काम धरले तर हे चार तास होतात. ही शिफारस आहे, बंधन नाही. त्या चार तासांत देवघेवीच्या टेबलावर कोण बसणार, याची सोय प्रत्येक ग्रंथालयाला स्वतःच करावी लागते, आणि जिथे एकच ग्रंथपाल आहे तिथे तर शिकायला जायचे म्हणजे त्या वेळेपुरते दार बंद ठेवावे लागते.