वसईची वाडी आणि महापालिकेची हद्द

वसई पश्चिमेला गास, भुईगाव, निर्मळ, नंदाखाल, आगाशी या पट्ट्यात घरच्या वाड्या, म्हणजे घराभोवतीच्या बागा, अजून टिकून आहेत. बहुतेक वाड्यांचा हिशेब एकरात नाही, गुंठ्यात होतो. नारळ, केळी, पानवेली, सोनचाफा, मोगरा, एक विहीर आणि अलीकडे कोपऱ्यात शेडनेटखाली रोपवाटिका. मुंबईच्या वर्तमानपत्रांत या वाड्या येतात त्या मात्र 'महापालिकेतून गावे वगळा' नाहीतर 'हरित पट्टा वाचवा' अशा मथळ्यांखाली. शेतीच्या पानावर त्या सहसा दिसत नाहीत. हे असे का झाले, याची ही पार्श्वभूमी.

१५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये मराठ्यांनी घेतली. त्या सगळ्या काळात इथे बागायत होतीच. ऊस होता, आले होते, केळीच्या सावलीत वाढणारी विड्याची पाने होती. आगाशीची सुकेळी, म्हणजे वाळवलेली राजेळी केळी, हा त्यातला सर्वांत टिकाऊ माल. या बागायतीचा खरा कायापालट रेल्वेने केला. १८६७ मध्ये विरारहून थेट मुंबईपर्यंत गाडी सुरू झाली आणि सकाळी तोडलेली भाजी, फुले, पाने त्याच दिवशी मुंबईत विकता येऊ लागली. पहाटेच्या लोकलला पाट्या चढवून दादर, पार्ले, बोरिवलीला माल नेणाऱ्या बायकांच्या बळावर कित्येक घरांचा प्रपंच उभा राहिला. थोडी जमीन, भरपूर पाणी, घरचीच माणसे आणि हातात रोज रोख पैसा, असे हे गणित होते. भातशेतीवाल्याला वर्षातून एकदा मिळणारा पैसा वाडीवाल्याला थोडाथोडा पण नेमाने मिळे.

मुंबईच्या स्वतःच्या वाड्या तोवर मोडीत निघाल्या होत्या. गिरगावात फणसवाडीचे नाव उरले, फणस गेले. माझगावच्या आंब्याची तर दंतकथाच झाली. वसईकर धडा म्हणून बोट दाखवतात ते मात्र त्यानंतरच्या उपनगरांकडे. १९५० मध्ये मुंबईची हद्द अंधेरी-जोगेश्वरीपर्यंत सरकली आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. त्याच १९५७ च्या १ एप्रिलला कुळकायद्याचा 'कृषक दिन' आला. त्या दिवशी कसणारी कुळे कायद्याने जमिनीची मालक ठरली. बृहन्मुंबईच्या हद्दीतल्या जमिनींना मात्र ही कलमे लागूच नव्हती. कायद्याच्या ४३-क कलमाने महापालिका आणि नगरपालिकांच्या हद्दी मालकीच्या तरतुदींतून वगळल्या होत्या. जुन्या कुळाला मिळणारे संरक्षण राहिले, मालकी आली नाही. हद्दीबाहेरच्या गावात कसणाऱ्याच्या नावावर सातबारा चढला, हद्दीच्या आत कसणारा कूळच राहिला.

पुढे १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. त्यात बागायत ही शेतीच धरली होती आणि शेतीला कमाल मर्यादेतून सूट होती. पण विकास आराखड्यात ती जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामासाठी दाखवली असेल, तर ती 'शेतीची' मानायची नाही, असेही त्याच कायद्यात लिहिले होते. झाडे उभी असोत, विहिरीला पाणी असो, नकाशावर रंग कोणता आहे त्यावर सगळे ठरणार. राज्याने हा कायदा २००७ मध्ये रद्द केला, तोवर उपनगरांतल्या बहुतेक वाड्यांचा निकाल लागला होता.

या इतिहासाची उजळणी केल्याशिवाय वसईच्या गावांचा महापालिकेवरचा राग कळत नाही. मुंबई महानगर प्रदेशाच्या १९७३ च्या पहिल्या आराखड्यात हरित विभाग होते. पण १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशासाठी एका सरकारी महामंडळाला नियोजन प्राधिकरण नेमले आणि स्टेशनांभोवती इमारती उभ्या राहण्याचा वेग वाढला. इमारती आधी आल्या, नळ नंतर आले. मधल्या काळात पाणी पुरवले टँकरने, आणि टँकर भरले वाड्यांच्या विहिरींतून. समुद्रालगतच्या गावात गोड्या पाण्याचा थर पातळ असतो. रहाटाने किंवा लहान पंपाने पाणी काढले, तर पावसाळ्यात तो पुन्हा भरतो. दिवसरात्र उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते. केळी आणि पानवेल यांना ते सोसत नाही. बावखले, म्हणजे गावातली गोड्या पाण्याची जुनी तळी, भराव टाकून बुजवली गेली, तेव्हा पाणी मुरण्याची जागाही गेली. पाणी विकणाऱ्यांत काही वाडीवालेही होते. हेही सांगायला हवे, कारण आंदोलनाच्या भाषणांत ते क्वचितच येते.

जुलै २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावे एकत्र करून वसई-विरार महापालिका स्थापन झाली. नगरपालिकांबद्दल फारशी तक्रार नव्हती. प्रश्न गावांचा होता. गावे महापालिकेत घेण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे साधे होते: गावे शहराला चिकटली आहेत, रस्ते, कचरा आणि पाणी ग्रामपंचायतीला झेपत नाही, सूर्या धरणाचे पाणी आणायचे तर मोठी संस्था लागते. यात तथ्य आहे. विरोधकांची भीती नुसत्या वाढीव घरपट्टीची नव्हती. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीच्या शेतीच्या योजना हद्दीबरोबर संपतात. रोजगार हमीतून फळबाग लावण्याची सोय ग्रामीण भागापुरतीच असते. महापालिका हद्दीतली शेतजमीन विकली की आयकर कायद्याच्या लेखी ती 'शेतजमीन' उरत नाही, नफ्यावर कर लागतो. ग्रामसभा जाते, आणि तिच्याबरोबर हरकत घेण्याचे गावाचे स्वतःचे व्यासपीठ जाते. मला या यादीत शेवटचा मुद्दा सर्वांत वजनदार वाटतो, आणि चर्चा सर्वांत कमी झाली तीही त्याचीच.

आंदोलने झाली, निवडणुकाही याच मुद्द्यावर लढल्या गेल्या. २०११ मध्ये राज्य सरकारने ५३ पैकी २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. त्याला उच्च न्यायालयात आव्हान मिळाले आणि अंमलबजावणी अडकली. गावे कागदावर वगळलेली, व्यवहारात महापालिकेतच. अशा अवस्थेत एका पिढीने शेती केली. वाडी विकायची का, नवीन नारळ लावायचे का, शेडनेटवर पैसा घालायचा का, या प्रश्नांना पक्के उत्तर कुणाकडेच नव्हते. नारळाला धरायला काही वर्षे जातात. पुढच्या वर्षी जमीन कुणाच्या कारभारात असेल हे माहीत नसताना लोक रोपवाटिकेकडे वळले, यात नवल नाही. रोप काही महिन्यांत विकले जाते, सांगाडा उचलून दुसरीकडे नेता येतो, आणि मुंबईत गॅलरीत कुंड्या ठेवणारे गिऱ्हाईक हक्काचे. शिवाय २००८ च्या वित्त कायद्यापासून रोपवाटिकेतल्या रोपांचे उत्पन्नही शेतीचेच उत्पन्न मानले जाते. पॉलीहाऊस मात्र इथे फारसे रुजले नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत बंद प्लास्टिकखाली बुरशी लवकर धरते, वादळी वाऱ्यात कागद फाटतो. शेडनेट स्वस्त आणि हवेशीर.

सरकारी फळबाग योजनांचे मापही पाहण्यासारखे आहे. २०१८ च्या राज्य योजनेत कोकणासाठी किमान क्षेत्र १० गुंठे आहे, इतर विभागांसाठी २०. म्हणजे छोट्या वाडीची दखल घेतली गेली. पण दहा मीटर अंतराने आंबा किंवा चिकू लावला तर दहा गुंठ्यांत जेमतेम दहा झाडे बसतात. वाडी चालते ती झाडांमधल्या जागेवर, फुले, पाने आणि भाजी यांवर, आणि फळबागेच्या अनुदानाच्या हिशेबात ती येत नाहीत.

२०१६ मध्ये महानगर प्रदेशाच्या नव्या आराखड्याचा मसुदा आला, तेव्हा वसईतून हरकतींचा पाऊस पडला. आराखडा मराठीत द्या, ही पहिली मागणी होती. २०१७ च्या महसूल कायद्यातील दुरुस्तीने गावठाणापासून २०० मीटरच्या आतली जमीन बिगरशेती करण्यासाठी वेगळ्या परवानगीची गरज ठेवली नाही, शुल्क भरले की झाले. वसईतली घरे वाडीतच असतात, गावठाणे एकमेकांजवळ आहेत. २०० मीटरची वर्तुळे काढली तर वाडीचा किती भाग उरतो, हे नकाशा घेऊन बसल्यावर कळते. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले आणि रेल्वे ठप्प झाली. बुजवलेली बावखले आणि अडवलेले नाले यांचा विषय तेव्हा इमारतीत राहणाऱ्यांच्याही तोंडी आला.

२०२४ मध्ये सरकारने ती २९ गावे महापालिकेतच ठेवण्याच्या दिशेने पावले टाकली. गावांनी पुन्हा हरकती दाखल केल्या. त्यांतले बरेच मुद्दे २००९ च्याच निवेदनांतले होते.