जुन्या डिस्कचा पत्ता

बटण दाबलं, पंखा फिरला, कंपनीचं बोधचिन्ह क्षणभर झळकलं आणि मग काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी उमटल्या: 'एरर: सिम्बॉल ग्रब_कॅलॉक नॉट फाउंड. एंटरिंग रेस्क्यू मोड...' खाली 'ग्रब रेस्क्यू' ही अक्षरं आणि लुकलुकणारा कर्सर. कळफलक चालतो, टाइप केलेलं दिसतं, पण लिनक्स काही केल्या सुरू होत नाही. आदल्या दिवशी केलेलं असतं ते फक्त नेहमीचं अपडेट.

जुलै २०२० च्या अखेरीस डेबियन आणि उबुंटू हे लिनक्सचे अवतार वापरणाऱ्या बऱ्याच जणांपुढे हा पडदा आला. विशेष म्हणजे तेच अपडेट शेजारच्या यंत्रावर बिनतक्रार पार पडलेलं असायचं. दोष शोधायचा म्हणून कोऱ्या यंत्रावर तीच आवृत्ती टाकावी, तेच अपडेट करावं, तर यंत्र झकास सुरू व्हायचं. दोष आहे हे उघड दिसत होतं, पण तो बोलावल्यावर येत नव्हता. आणि जो दोष हवा तेव्हा पुन्हा घडवून आणता येत नाही, तो दुरुस्त झाला की आपोआप दडून बसला, हे सांगण्याचा मार्गच उरत नाही.

आधी संगणक जागा कसा होतो ते पाहू. हा सगळा खो-खोचा डाव आहे. जुन्या पद्धतीच्या यंत्रात बायोस नावाचा मदरबोर्डवरचा प्रोग्राम पहिल्यांदा उठतो. तो निवडलेल्या डिस्कचा सर्वांत पहिला तुकडा (याला सेक्टर म्हणतात), म्हणजे फक्त ५१२ बाइट, मेमरीत घेतो आणि त्याला खो देतो. या ५१२ पैकी ६४ बाइट डिस्कच्या विभागणीच्या, म्हणजे पार्टिशनांच्या, तक्त्याला आणि २ बाइट ओळखखुणेला लागतात. कामाच्या सूचनांना जागा उरते ती जेमतेम ४४६ बाइटची. मराठीतला एखादा साधा परिच्छेदसुद्धा त्यात मावायचा नाही, कारण एकेका अक्षराला ३ बाइट लागतात.

एवढ्याशा जागेत लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा मुख्य प्रोग्राम, शोधून चालू करणं अशक्य. म्हणून लिनक्सच्या जगात सर्रास वापरला जाणारा ग्रब हा बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम, स्वतःचे तुकडे करून राहतो. पहिला तुकडा त्या ४४६ बाइटमध्ये. त्याचं काम एकच, दुसऱ्याला खो देणं. दुसरा तुकडा म्हणजे ग्रबचा गाभा. तो काही डझन किलोबाइटचा असतो आणि पहिल्या सेक्टरनंतर, पहिलं पार्टिशन सुरू होण्याआधी जी मोकळी पट्टी असते तिच्यात बसवलेला असतो. हल्ली ही पट्टी साधारण १ मेगाबाइटची असते. ती कुठल्याही फोल्डरमध्ये दिसत नाही, तिला फाइलचं नाव नाही, आपण कॉपी-पेस्ट करताना तिला हातही लागत नाही. बाकीचा ग्रब, म्हणजे मेन्यू दाखवणं, निरनिराळ्या फाइल सिस्टिम वाचणं वगैरे कामांची मॉड्यूलं, पार्टिशनच्या आत बूट या फोल्डरमध्ये साध्या फाइलींच्या रूपात राहतात. गाभा उठतो, ती मॉड्यूलं उचलतो आणि मग आपल्याला ओळखीचा मेन्यू दिसतो.

म्हणजे एकाच प्रोग्रामचे दोन भाग दोन वेगळ्या ठिकाणी राहतात, आणि ते एकाच वयाचे आहेत का, हे प्रत्येक वेळी तपासणारं मधे कोणी नसतं. मॉड्यूल मेमरीत आलं की ते गाभ्याकडे काही फंक्शनं, म्हणजे ठरावीक कामांचे तयार सूचनासंच, नावाने मागतं. मागितलेलं नाव गाभ्यात सापडलं तर डाव पुढे जातो. नाही सापडलं तर वरच्या दोन ओळी.

ग्रब_कॅलॉक हे असंच एक नाव. २९ जुलै २०२० ला एक्लिप्सियम या सुरक्षा-संशोधन करणाऱ्या कंपनीने ग्रबमधली 'बूटहोल' नावाची त्रुटी जाहीर केली. ग्रबची कॉन्फिगरेशन फाइल वाचतानाच मेमरीच्या मर्यादेबाहेर लिखाण होऊ शकत होतं. ती बुजवताना ग्रबच्या लेखकांनी आजूबाजूच्या इतरही फटी बुजवल्या. त्यातली एक गुणाकाराची होती. 'मला इतक्या वस्तू हव्यात, प्रत्येक इतक्या आकाराची' अशी मेमरी मागताना दोन आकड्यांचा गुणाकार करावा लागतो. ३२ बिटांच्या हिशेबात ६५,५३६ गुणिले ६५,५३६ केलं, तर खरं उत्तर ४,२९,४९,६७,२९६ येतं. पण ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या याहून बरोबर १ ने लहान आहे, त्यामुळे घड्याळाचा काटा बारावरून पुढे सरकावा तसं होऊन उत्तर शून्य येतं. चारशे कोटींहून जास्त बाइट मागितले आणि हाती काहीच आलं नाही, पण प्रोग्राम आपल्याला जागा मिळाली असं समजून लिहीत सुटतो. ग्रब_कॅलॉक हा गुणाकार आधी तपासतं आणि उत्तर मावत नसेल तर नकार देतं. चांगली, गरजेची सुधारणा होती. फक्त ते फंक्शन नव्या गाभ्यात होतं आणि नवी मॉड्यूलं ते मागत होती.

बूटहोलचा मुख्य धोका सिक्युअर बूट असलेल्या, म्हणजे सही तपासूनच प्रोग्रामला खो देणाऱ्या, नव्या यंत्रांना होता; त्यांच्यात बायोसच्या जागी यूईएफआय असतं. त्यांच्यात ग्रबची बहुतेक मॉड्यूलं एकाच सही केलेल्या फाइलमध्ये गुंफलेली असतात, त्यामुळे गाभा जुना आणि मॉड्यूलं नवी असा प्रकार तिथे सहसा होत नाही. या एररने बंद पडली ती प्रामुख्याने जुनी, बायोसवाली यंत्रं, ज्यांना सिक्युअर बूट मुळात ठाऊकच नाही.

आता मूळ प्रश्न. अपडेट तर दोन्ही भाग बदलतं. मग काही यंत्रांचा गाभा जुना का राहिला?

गाभा आणि मॉड्यूलं दोन्ही बसवण्याचं काम ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा करते. पण गाभा कुठल्या डिस्कवर लिहायचा ते तिला सांगावं लागतं. डेबियन-उबुंटूमध्ये हे उत्तर पहिल्यांदा लिनक्स टाकताना विचारलं जातं आणि डेबकॉन्फ नावाच्या नोंदवहीत लिहून ठेवलं जातं. नोंद करताना 'पहिली डिस्क' असं मोघम न लिहिता डिस्कचा मेक आणि अनुक्रमांक मिळून होणारं नाव लिहितात. विचार अगदी रास्त आहे, कारण पहिली-दुसरी हा क्रम बदलू शकतो, अनुक्रमांक बदलत नाही. पुढे ग्रबचं प्रत्येक अपडेट मुकाट्याने ती नोंद वाचतं आणि त्या पत्त्यावर गाभा पोचवतं.

आणि मग कोणीतरी डिस्क बदलतं. जुनी हार्ड डिस्क संथ झाली म्हणून एसएसडी आणली, जुनीवरचं सगळं बाइटन् बाइट नवीवर उतरवलं, बायोसमध्ये नवी डिस्क पहिली केली, जुनी पुसून फोटो-चित्रपट ठेवायला आतच राहू दिली. अगदी घरोघरी होणारी गोष्ट. पण बाइटन् बाइट उतरवताना ती नोंदवहीसुद्धा जशीच्या तशी आली, आणि तिच्यात पत्ता जुन्या डिस्कचाच आहे. घर बदललं, टपाल जुन्या घरी जात राहिलं. त्या दिवसापासून ग्रबचं प्रत्येक अपडेट मॉड्यूलं नव्या डिस्कवर टाकतं आणि गाभा जुन्या डिस्कच्या त्या अदृश्य पट्टीत लिहितं. वर्षानुवर्षं काही बिघडत नाही, कारण किरकोळ अपडेटांमध्ये गाभ्याकडे नवं नाव कोणी मागत नाही. जुलै २०२० ला ते मागितलं गेलं.

कोऱ्या यंत्रावर दोष का येत नाही, ते इथे कळतं. कोऱ्या यंत्राला भूतकाळच नसतो. त्याची नोंद आणि त्याची डिस्क एकाच तासात जन्मलेली असतात. बंद पडलेल्या यंत्राची आजची अवस्था कितीही काटेकोर उतरवली, आवृत्त्या जुळवल्या, कॉन्फिगरेशन फाइल अक्षरन् अक्षर तीच ठेवली, तरी उपयोग नाही. पुन्हा घडवायचा असतो तो त्या यंत्राचा इतिहास, आणि तोही त्याच क्रमाने.

हे व्हर्च्युअल मशीनवर करता येतं, आणि करून पाहण्यासारखं आहे. क्यूएमू हा फुकट मिळणारा प्रोग्राम संगणकाच्या आत दुसरा संगणक उभा करतो, आणि त्याच्या आभासी डिस्कला आपल्या पसंतीचा अनुक्रमांक देऊ देतो. एका डिस्कला 'जुनी' हाच अनुक्रमांक द्यावा. तिच्यावर मे २०२० मधलं डेबियन १०.४ टाकावं. मशीन बंद करून 'नवी' अनुक्रमांकाची दुसरी डिस्क जोडावी. लाइव्ह सीडीवरून, म्हणजे डिस्कवरच्या लिनक्सविना चालणाऱ्या लिनक्सवरून, सुरू करून पहिलीची नक्कल दुसरीवर उतरवावी. मग 'जुनी'वरचं पार्टिशन फॉरमॅट करावं. याने तिचा पहिला सेक्टर आणि ती पट्टी पुसली जात नाहीत, हे ध्यानात असू द्यावं. 'नवी'वरून मशीन सुरू करावं. व्यवस्थित सुरू होतं. इथे ते बंद करून स्नॅपशॉट घ्यावा, म्हणजे दोन्ही डिस्कची या क्षणाची अवस्था जपून ठेवावी. बूटलोडरच्या प्रयोगात यंत्र प्रत्येक वेळी मरतं, तेव्हा परत येण्याची जागा लागतेच.

आता अपडेट. डेबियनचं एक संग्रहालय आहे, स्नॅपशॉट याच नावाचं. तिथे जुनी पॅकेजेस तारीखवार जपलेली आहेत. हवी ती तारीख सांगावी, त्या दिवशी मिळणारं पॅकेज हाती येतं. ऑगस्ट २०२० ची तारीख देऊन ग्रब अद्ययावत करावं. पडद्यावर ओळी सरकतात आणि शेवटी येतं: 'इन्स्टॉलेशन फिनिश्ड. नो एरर रिपोर्टेड.' काम झालं, एकही चूक नाही. मशीन पुन्हा सुरू करावं, आणि काळ्या पडद्यावर त्याच दोन ओळी.

दोष घडला म्हणून कारण सिद्ध होत नाही. आपल्या समजुतीतून निघणारी भाकितं तपासायला हवीत. स्नॅपशॉटवर परत यावं, नोंदीतला पत्ता 'नवी' असा दुरुस्त करावा आणि तेच अपडेट करावं. यंत्र सुरू होतं. पुन्हा परत यावं, पत्ता चुकीचाच ठेवावा, पण संग्रहालयातून जुलैच्या आधीचीच आवृत्ती पुन्हा बसवावी. यंत्र सुरू होतं. म्हणजे नुसता चुकीचा पत्ता पुरेसा नाही, नुसतं नवं अपडेटही पुरेसं नाही, दोन्ही लागतात. तिसरं भाकीत मला सर्वांत आवडतं. मेलेल्या यंत्रात काहीही न बदलता फक्त बायोसला सांगायचं, 'जुनी' डिस्कवरून सुरू हो. त्या डिस्कवर लिनक्स नाही, फॉरमॅट केलेलं रिकामं पार्टिशन आहे. तरीही मेन्यू येतो आणि लिनक्स सुरू होतं! नवा गाभा इतका वेळ तिथे बसून होता. त्याला स्वतःची मॉड्यूलं दुसऱ्या डिस्कवर आहेत हे ठाऊक होतं, फक्त कोणी त्याला खो देत नव्हतं.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२२ मध्ये आर्च लिनक्स या आणखी एका अवतारावर या दोषाचा भाऊ दिसला, यावेळी यूईएफआय यंत्रांवर. आर्चमध्ये ग्रबचं पॅकेज अद्ययावत झालं तरी ग्रब-इन्स्टॉल आपोआप चालत नाही, तो निर्णय वापरणाऱ्याचा. पण अनेक जण कॉन्फिगरेशन फाइल मात्र ताजी करून घेत. त्या ताज्या फाइलीत एक नवी ओळ आली होती. फर्मवेअरच्या (मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये जाण्याची सोय या यंत्रावर आहे का, असं ती एफडब्ल्यूसेटअप या आज्ञेला विचारत होती. नव्या ग्रबला प्रश्न समजला असता. पण बसलेला होता जुना ग्रब, आणि त्याला आज्ञेमागचा प्रश्नवाचक शब्द कळतच नव्हता. 'तुला गावी जाता येईल का?' असं विचारावं आणि समोरच्याने पिशवी उचलून एसटी पकडावी, तसं झालं. मेन्यू येण्याआधीच यंत्र थेट सेटिंगच्या पडद्यावर. तिथून बाहेर पडलं की पुन्हा तिथेच. ३० ऑगस्टला आर्चने सूचना काढली की अपडेटनंतर ग्रब-इन्स्टॉल आणि कॉन्फिगरेशन बनवणं दोन्ही करा. इथेही कोऱ्या यंत्रावर काहीच दिसलं नसतं.

यंत्र बंद पडलं की आपण पहिली धाव घेतो ती दुरुस्तीकडे: लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून ग्रब-इन्स्टॉल चालवलं की दहा मिनिटांत सगळं सुरळीत. त्यात गैर काही नाही, पण त्याच क्षणी जुना गाभा कायमचा पुसला जातो आणि पंचनाम्याला काही उरत नाही. म्हणून दुरुस्तीआधी प्रत्येक डिस्कचा पहिला १ मेगाबाइट आणि बूट फोल्डर वेगळ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावं. दोन मिनिटांचं काम आहे.

२०२० नंतर ग्रब-इन्स्टॉलमध्ये एक चांगली भर पडली. ते आता जुन्या मॉड्यूलांची प्रत आधी बाजूला ठेवतं आणि गाभा लिहिताना काही चुकलं तर ती परत जागेवर आणतं. अर्धवट फसलेल्या इन्स्टॉलवर हा नेमका उपाय आहे. आपल्या 'जुनी-नवी'च्या प्रयोगात मात्र त्याचा उपयोग होत नाही. तिथे ग्रब-इन्स्टॉल फसतच नाही, सांगितलेल्या पत्त्यावर गाभा बिनचूक पोचतो. तुमच्या डेबियन किंवा उबुंटूवर जुन्या पद्धतीचं बायोस असेल आणि कधीकाळी डिस्क बदलली असेल, तर रूट होऊन (म्हणजे सर्वाधिकार घेऊन) डेबकॉन्फ-शो ही आज्ञा ग्रब-पीसी या पॅकेजचं नाव देऊन चालवा. इन्स्टॉल डिव्हायसेसच्या पुढे एक लांबलचक नाव दिसेल. त्याच्या शेवटी असलेला अनुक्रमांक, बायोस जिच्यावरून सुरू होतं त्या डिस्कचा आहे का, तेवढं पाहा.